अंगठ्याला ठेका शिकवताना

गिटारवर उजव्या हाताच्या अंगठ्याने खालचा ठेका धरायचा आणि त्याच वेळी त्याच हाताच्या बोटांनी वरची चाल वाजवायची, एवढे एकच कौशल्य शिकण्यासाठी मी गेल्या वर्षीच्या जूनपासून तेरा महिने दिले. त्याआधी सहा वर्षे मी पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, हातात धरून स्ट्रमिंग करत होते. डाव्या हाताने कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, धरावी, उजवा हात सहाही तारांवरून वरखाली फिरवावा आणि त्यावर गाणे म्हणावे, असा तो प्रकार. घरच्या बैठकीत, गणपतीत, सहलीच्या बसमध्ये त्यावर काम भागत असे आणि त्यात काही उणे आहे असे मला कधी जाणवलेही नव्हते. ते जाणवले एका जुन्या ध्वनिमुद्रणामुळे.

ते ध्वनिमुद्रण मिसिसिपी जॉन हर्ट यांचे होते. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या ॲव्हलॉन या खेड्यात शेतात राबणारे हे कृष्णवर्णीय गायक. ओके कंपनीने १९२८ साली त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका काढल्या, त्या फारशा खपल्या नाहीत, आणि हर्ट पुन्हा शेतीकडे वळले. पुढे १९६३ साली, त्यांच्याच एका गाण्यात आलेल्या गावाच्या नावाचा माग काढत एक चाहता त्यांच्या दाराशी पोहोचला, आणि आयुष्याची शेवटची तीन वर्षे त्यांना हजारोंचा श्रोतृवर्ग मिळाला. मी ते पहिल्यांदा ऐकले तेव्हा दोन गिटार वाजत आहेत अशीच माझी समजूत झाली. खाली जाड तारांवर घड्याळाच्या लंबकासारखा अविचल ठेका, आणि वर बारीक तारांवर गाण्याची ओळ, कधी गळ्याबरोबर, कधी गळ्याच्या पुढे-मागे. एकच माणूस, एकच गिटार आणि एकच उजवा हात आहे हे कळल्यावर मी तीच दोन-अडीच मिनिटे त्या संध्याकाळी किती वेळा ऐकली याची गणती नाही.

या पद्धतीला ट्रॅव्हिस पिकिंग असे नाव रूढ आहे. तिचे मर्म सांगायला सोपे आहे. चार ठोक्यांच्या आवर्तनात अंगठा प्रत्येक ठोक्यावर एक जाड तार छेडतो (सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी), आणि तीही आलटून पालटून: सी कॉर्ड धरलेली असेल तर पाचवी तार, चौथी, सहावी आणि पुन्हा चौथी. आपल्या भाषेत सांगायचे तर सा, ग, मंद्र प आणि पुन्हा ग. तर्जनी आणि मध्यमा वरच्या तीन तारांवर चाल वाजवतात, आणि चालीचे स्वर कधी अंगठ्याच्या ठोक्याबरोबर पडतात, तर कधी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत. रॅगटाइम या जुन्या अमेरिकी शैलीतल्या पियानोवादकाचा डावा हात खाली जे काम करतो ते इथे अंगठा करतो, आणि उजव्या हाताचे काम उरलेली बोटे करतात. एका हाताचे दोन हात करायचे, एवढाच याचा अर्थ.

मला शिकवणारे सर मूळचे गोव्यातल्या सासष्टीचे. उमेदीची वर्षे मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवून ते आता पुण्याला लष्कर भागात मुलीकडे राहतात. पहिल्या दिवशी त्यांनी माझे स्ट्रमिंग शांतपणे ऐकून घेतले, माझ्या हातातली पिक काढून टेबलाच्या खणात ठेवली आणि म्हणाले, "आता बोटं विसर. दोन आठवडे फक्त अंगठा." मी सी कॉर्ड धरली आणि पाच, चार, सहा, चार असा अंगठा चालवू लागले. मिनिटभर ऐकून ते म्हणाले, "छान. आता वाजवता वाजवता मला तुझ्या घरचा पत्ता सांग." मी सोसायटीचे नाव उच्चारले आणि अंगठा थांबला. पुन्हा सुरू केले. रस्त्याचे नाव आले आणि अंगठा चौथ्या तारेऐवजी तिसरीवर गेला. "पत्ता पिनकोडसकट सांगशील तेव्हा बोटं सुरू करू," असे सांगून त्यांनी त्या दिवसाचा धडा संपवला.

ही परीक्षा मला तेव्हा थोडी विचित्र वाटली होती. आज मी या पद्धतीकडे वळणाऱ्या कोणालाही सगळ्यात आधी तीच सांगेन. अंगठा चालवता येणे आणि अंगठा आपला आपण चालणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली साधली की दुसरीही साधली असे नवशिक्याला प्रामाणिकपणे वाटत असते. बोलणे ही चालीसारखीच लक्ष मागणारी क्रिया असल्यामुळे लक्ष काढून घेतल्यावर अंगठ्याचे काय होते ते तिथल्या तिथे उघडे पडते. मी ठोके देणारे मेट्रोनोम मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून रोज सकाळी वीस मिनिटे अंगठा चालवत वर्तमानपत्र मोठ्याने वाचू लागले. पहिल्या आठवड्यात अंगठा वाक्याच्या लयीत जाई. स्वल्पविरामाला तोही रेंगाळे. अकराव्या दिवशी अग्रलेखाचा एक पूर्ण परिच्छेद वाचून झाल्यावर लक्षात आले की, अंगठा मधल्या काळात कुठेच अडखळला नव्हता.

इथे एक माझी स्वतःची अडचण होती, जी सरांनाही लगेच उमगली नाही. लहानपणी मी आठ वर्षे गाणे शिकले, आणि बाईंच्या मागे बसून पुष्कळ तानपुरा छेडला. तानपुऱ्यावर मध्यमा पहिली तार छेडते आणि उरलेल्या तीन तारांवरून तर्जनी फिरते. अंगठा तुंब्याला टेकून स्वस्थ असतो. म्हणजे माझ्या उजव्या हाताला बोटे चालवण्याची आणि अंगठा टेकवून ठेवण्याची सवय फार जुनी होती. त्याहून खोलवरची गोष्ट अशी की, तानपुऱ्याने तालाशी बांधून घ्यायचेच नसते. तबला कोणत्या मात्रेवर आहे याची दखल न घेता तो आपल्या संथ गतीने झंकारत राहायला हवा, आणि तानपुरा तालात छेडला तर बाई लगेच मागे वळून बघत. लक्ष गाण्याकडे असताना हात सुटा चालू ठेवायचा ही एक मोठी देणगी मला त्यातून मिळाली होती, पण तो सुटा हात ठोक्याकडे पाठ फिरवूनच चालायला शिकलेला होता. त्याला ठोक्याकडे तोंड करायला लावण्यात माझे पहिले दोन महिने गेले असे मी समजते.

त्यावर उपाय मिळाला तोही जुन्या शिक्षणातूनच. सर ठोके मोजायचे ते 'वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड' असे. चार ठोके आणि त्यांच्या मधल्या चार फटी, मिळून आठ जागा. एका रात्री स्वयंपाक करताना माझ्या ध्यानात आले की हा तर आपला केरवा आहे. धा गे न ती, न क धी न. अंगठा पडतो तो धा, न, न आणि धी या मात्रांवर, आणि मधल्या फटी म्हणजे गे, ती, क आणि शेवटचा न. इंग्रजी आकडे मोजताना सगळे 'अँड' मला सारखेच वाटत आणि मी कितव्या फटीत आहे हे हरवत असे. केरव्यात मात्र प्रत्येक मात्रेला स्वतःचे नाव आणि स्वतःचा चेहरा आहे, त्यामुळे 'ती' वर वाजवायचे आहे की 'क' वर, याचा घोटाळा पुन्हा कधी झाला नाही. सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी ते बोल माझ्याकडून दोनदा म्हणून घेतले, वहीत लिहून घेतले, आणि त्यानंतर माझ्या धड्यात ते स्वतःही 'गे वर वाजव' असे सांगू लागले.

पत्त्याची परीक्षा जुलैच्या मध्यावर एकदाची पार पडली, निदान त्या दिवशी तरी. मग बोटे आली, आणि तिथे मी माझी मोठी चूक केली. इंटरनेटवर या पद्धतीचे ठरावीक नमुने पुष्कळ सापडतात. त्यातला सर्वांत प्रचलित नमुना असा: पहिल्या ठोक्यावर अंगठ्याने पाचवी आणि मध्यमेने पहिली तार एकदम, ज्याला मी चिमटा म्हणते, मग अंगठ्याने चौथी, तर्जनीने दुसरी, अंगठ्याने पाचवी, मध्यमेने पहिली आणि शेवटी अंगठ्याने चौथी. केरव्यात सांगायचे तर धा वर चिमटा, गे रिकामा, न वर अंगठा, ती वर तर्जनी, न वर अंगठा, क वर मध्यमा, धी वर अंगठा आणि शेवटचा न रिकामा. ऐकायला हा नमुना फार गोड लागतो. तीन आठवड्यांत तो माझ्या हातात इतका बसला की मी तो सी, ए मायनर, जी अशा कॉर्डवरून सफाईने फिरवू लागले, आणि घरातल्या सगळ्यांना मी एकदम मोठी वादक झाल्यासारखे वाटू लागले. मलाही वाटले.

सरांनी तो ऐकला आणि फक्त एवढेच सांगितले की, यातला 'ती' वरचा स्वर काढ आणि त्याच्याऐवजी 'गे' वर वाजव. एक स्वर एक पूर्ण ठोका अलीकडे सरकवायचा, बाकी सारे तसेच. मला ते जमेना. ज्या क्षणी तर्जनी वेगळ्या जागी पडली त्या क्षणी अंगठाही तिच्याबरोबर घसरला, आणि दोन आवर्तनांत सगळाच डोलारा कोसळला. सर म्हणाले, "तुला सतराचा पाढा पाठ आहे, पण मधूनच सतरा सत्ते विचारले की तू पहिल्यापासून म्हणायला लागतेस." नेमके तेच झाले होते. अंगठा आणि बोटे स्वतंत्र झालीच नव्हती. दोघांची मिळून सहा हालचालींची एक लांब साखळी तयार झाली होती आणि मी ती साखळी ओढत होते. मी तो नमुना तीन आठवडे घोटल्याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण तो विसरायला मला त्याहून जास्त दिवस लागले. गाण्याच्या साथीला नमुना पुरतो हे खरे, पण ज्याला बोटांनी चाल वाजवायची आहे त्याने नमुन्याच्या गोडव्यात अडकू नये असे माझे ठाम मत झाले आहे.

नमुन्याच्या जागी सरांनी जे दिले ते अतिशय कोरडे दिसणारे काम होते. अंगठा नेहमीप्रमाणे चालू ठेवायचा आणि आवर्तनात तर्जनीने दुसऱ्या तारेवर फक्त एकच स्वर वाजवायचा, तोही आठ जागांपैकी एकाच जागी. ती जागा पक्की झाली, म्हणजे डोळे मिटून आणि बोलताना सलग पन्नास आवर्तने निघाली, की पुढची जागा. ठोक्यावरच्या चार जागा आठवड्यात झाल्या, कारण तिथे बोट आणि अंगठा एकदम पडतात आणि हाताला ते मूठ मिटण्याइतके नैसर्गिक वाटते. फटींतल्या जागांनी मात्र सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे दोन्ही महिने घेतले. 'गे' वर वाजवताना पुढचा अंगठा घाईत येई. 'ती' वर तो उशिरा येई. 'क' सगळ्यात सोपा निघाला, का ते मला आजही सांगता येणार नाही. सगळ्यात अवघड होता तो शेवटचा न, आवर्तन संपण्याआधीची ती शेवटची फट. तिथला चालीचा स्वर पुष्कळदा पुढच्या कॉर्डचा असतो, म्हणून डाव्या हाताला सम येण्याच्या अर्धा ठोका आधीच नवी कॉर्ड धरावी लागते, आणि त्या अर्ध्या ठोक्यात अंगठ्याने नुकतीच छेडलेली जुन्या कॉर्डची तार अजून वाजत असते. एक हात पुढच्या घरात शिरला आहे आणि दुसऱ्याचा पाय अजून मागच्या उंबऱ्यावर आहे, अशी ती अवस्था असते. ज्या दिवशी सी वरून एफ वर जाताना ते पहिल्यांदा नीट झाले त्या दिवशी मला प्रथमच हर्ट यांच्या वादनातली ती उसळी, जी समेच्या किंचित आधी येऊन कानाला पुढे ओढते, माझ्या स्वतःच्या हाताखाली जाणवली.

या काळात मोबाइलवर स्वतःचे ध्वनिमुद्रण करून ऐकण्याचा मला फार उपयोग झाला. वाजवताना कान चालीकडे असतो, आणि चाल बरोबर असली की सगळेच बरोबर आहे असे तो सांगतो. रात्री ते ऐकताना मी मुद्दाम चालीकडे दुर्लक्ष करून फक्त जाड तारा ऐकत असे. तेव्हा कळले की माझा तिसरा ठोका, जिथे डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेवरून उचलून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांपैकी तिसऱ्या घरात) जाते, दर वेळी किंचित उशिरा आणि किंचित दबका येतो. दोष उजव्या हातात शोधत बसले होते आणि तो होता डाव्यात. नुसती अनामिका पाचव्या आणि सहाव्या तारेत इकडून तिकडे नेण्याचा सराव चार दिवस केला आणि तो ठोका सरळ झाला.

जाड तारांच्या आवाजाचीही एक वेगळी शिकवणी झाली. त्या मोकळ्या वाजू दिल्या तर त्यांचा घुमारा चालीला गिळतो. म्हणून उजव्या तळहाताची कड, करंगळीच्या बाजूची मऊ गादी, ब्रिजवर, म्हणजे खोक्यावर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीवर, अशी टेकवायची की ती फक्त जाड तारांना जेमतेम स्पर्श करील आणि बारीक तारा मोकळ्या राहतील. हे अंतर दोन-तीन मिलिमीटरचे आहे. हात पुढे सरकला तर तार मेल्यासारखी 'ठप' वाजते, मागे सरकला तर दाब उरतच नाही, आणि बरोबर जागी असला तर स्वर ऐकू येतो पण लगेच आवरला जातो, जशी डग्ग्यावर तळव्याची घीस. ही जागा शब्दांत सांगता येत नाही. सरांनी माझा हात धरून तो तिथे ठेवला आणि मी त्या जागी गिटारच्या लाकडावर कागदी पट्टीचा एक छोटा तुकडा चिकटवला, जो दिवाळीपर्यंत तसाच होता.

थंबपिक वापरावी की उघडा अंगठा, हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी करून पाहिला. अंगठ्यात अंगठीसारखी घालायची ही प्लॅस्टिकची पिक मला सैल होती, तेव्हा सरांनी सांगितले तशी ती चहाच्या गाळणीत घेऊन कढत पाण्यात धरली, मऊ झाल्यावर अंगठ्याभोवती दाबली आणि थंड पाण्याखाली नेली. ती अंगठ्याच्या आकाराची झाली. तिचा आवाज खणखणीत आणि एकसारखा येतो. मला मात्र उघड्या अंगठ्याच्या मांसल भागाचा गोल, मऊ आवाज जास्त भावला आणि मी तोच ठेवला. नखे तर्जनी आणि मध्यमेची तेवढी दीडेक मिलिमीटर राखली. धुणीभांडी करणाऱ्या हातावर याहून लांब नख टिकत नाही. बारा गेज जाडीच्या तारा उतरवून अकराच्या, थोड्या बारीक, लावल्या, त्यानेही बोटांना आराम पडला.

नोव्हेंबरमध्ये मी घाई केली. ऐंशीच्या गतीवर एक तुकडा वाजू लागला म्हणून एका रविवारी ती गती पंचाण्णवपर्यंत ताणली, सलग अडीच तास. सोमवारी सकाळी अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या सांध्याजवळ, बरणीचे झाकण उघडतानाही कळ येऊ लागली. डॉक्टरांनी बारा दिवस गिटारला हात लावू दिला नाही. पुन्हा सुरुवात केली तेव्हा सरांनी अंगठा कसा हलतो ते शेजारी खुर्ची ओढून नीट पाहिले आणि दाखवून दिले की मी तो पेराच्या सांध्यातून आकड्यासारखा वाकवत होते. हालचाल अंगठ्याच्या मुळातून, सरळ अंगठ्याने, पुढच्या तारेकडे ढकलल्यासारखी व्हायला हवी; आकडा केला की तेच काम छोट्या स्नायूंवर पडते आणि गती वाढली की ते थकतात. त्यानंतर मी गती एका दिवशी दोनपेक्षा जास्त कधी वाढवली नाही आणि चाळीस मिनिटांनंतर गिटार खाली ठेवली. दुखणे परत आले नाही.

ते सक्तीचे बारा दिवस मी ऐकण्यात आणि वाचण्यात घालवले, आणि त्याचा मला पुढे फार आधार झाला. ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते मर्ल ट्रॅव्हिस यांचा जन्म १९१७ साली केंटकी राज्यातल्या म्युलेनबर्ग परगण्यात, कोळसा खाणीतल्या कामगाराच्या घरी झाला. पद्धत त्यांनी एकट्याने शोधलेली नव्हती. मोझ रेजर आणि आइक एव्हर्ली या त्याच भागातल्या खाण कामगारांकडे बघत ते शिकले. त्यांच्या आधी केनेडी जोन्स होते, आणि त्या साऱ्या परिसरावर आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय फिरत्या वादकाची छाप होती, ज्यांचे एकही ध्वनिमुद्रण मागे राहिलेले नाही. एका परगण्यातल्या खाणींच्या वस्त्यांत, हाताकडून हाताकडे, हे वादन गेले. घराण्याची गायकी पुढे जाते त्याहून ही गोष्ट मला निराळी वाटली नाही.

त्यातली एक हकिकत मी सरांना आवर्जून सांगितली आणि ती त्यांना माहीत असूनही त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. ट्रॅव्हिस हे अंगठा आणि तर्जनी, एवढी दोनच बोटे वापरत. चेट ॲटकिन्स तरुणपणी सिनसिनाटीच्या रेडिओ केंद्रावरून येणारे त्यांचे वादन ऐकत, पण हात दिसत नव्हता. एवढे स्वर दोन बोटांत निघणे शक्य नाही असे धरून त्यांनी अंगठ्याबरोबर आणखी बोटे चालवून ते बसवले, आणि त्या चुकीच्या अंदाजातून त्यांची स्वतःची शैली उभी राहिली. दुसरे नाव एलिझाबेथ कॉटन यांचे. नॉर्थ कॅरोलायनात १८९३ साली जन्मलेल्या या बाई डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली गिटार तशीच उलटी धरून वाजवत. त्यामुळे जाड तारा खाली आल्या आणि बारीक वर. ठेका बोटांकडे गेला आणि चाल अंगठ्याकडे. लहानपणी शिकलेले हे वादन त्यांनी पुढे कित्येक वर्षे जवळजवळ सोडून दिले होते, घरकामाला असताना पुन्हा हातात घेतले, आणि त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९५८ साली निघाली तेव्हा त्या साठीच्या पुढे गेल्या होत्या. माझी तर्जनी वाकडी पडते, करंगळी टेकते, अनामिका वापरता येत नाही, या चिंता मी करत होते त्या दिवसांत कॉटन यांचे हात पडद्यावर पाहून माझ्या मनावरचा मोठा ताण उतरला. कोणते बोट काय करते याला महत्त्व कमी आहे. ठेका आणि चाल एकमेकांना न अडवता चालतात की नाही, याला आहे.

जानेवारीत सरांनी विचारले, की आता तुला स्वतःला काय वाजवायचे आहे. मी आजीची जात्यावरची ओवी म्हटली. तिची चाल चार-पाच स्वरांत संपते, सा पासून म पर्यंत जाऊन परत येते, म्हणून ती सोपी जाईल असे मला वाटले होते. पहिल्यांदा ती सी, एफ, जी या कॉर्डवर बसवली आणि ती ओवी राहिली नाही. एफ आली की ती एखाद्या प्रार्थनागीतासारखी वाटे, छान पण परकी. आठवडाभर त्याच्याशी झगडल्यावर सरांनी सहावी तार एका पूर्ण स्वराने उतरवून डी वर आणायला सांगितली. तसे केले की मोकळी सहावी तार म्हणजे खर्जाचा सा, मोकळी चौथी म्हणजे मधला सा आणि मोकळी पाचवी म्हणजे या दोघांमधला प. अंगठा सहा, चार, पाच, चार असा चालवला की सा, सा, प, सा. मी चार आवर्तने वाजवली आणि थांबले, कारण तो तानपुरा होता, मात्र या वेळी ठोक्यात चालणारा. शिवाय डाव्या हाताला जाड तारांवर काहीच धरायचे उरले नाही, आणि ओवीचे सारे स्वर दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर मोकळेपणाने घेता आले: दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सा, पहिली मोकळी म्हणजे रे, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर ग आणि तिसऱ्यावर म.

तरी एक गाठ सुटत नव्हती. ओवीच्या ओळी सारख्या लांबीच्या नसतात. आजी एखादा शब्द ताणी, एखादी ओळ लवकर संपवी, आणि केरव्याच्या चौकटीत ती बसवताना मी ओळी कापत होते किंवा ओढत होते. मग आठवले की दोन ओळींच्या मध्ये आजी गप्प असायची आणि जाते फिरत असायचे. कधी दोन फेरे, कधी पाच; दाणे टाकायला वाकली तर त्याहून जास्त. म्हणून मी ओळी होत्या तशाच ठेवल्या आणि दोन ओळींच्या मध्ये अंगठा एकटा चालू दिला, पुढची ओळ मनात येईपर्यंत. गेले सहा महिने मी केवळ अंगठा एकटा चालावा यासाठी खपले होते, आणि तो जिथे खरोखर एकटा चालायला हवा होता ती जागा ही होती.

जूनच्या अखेरीस एका सकाळी मी ती ओवी वाजवत बसले होते. मेट्रोनोम बंद होता, गती सत्तरच्या आसपास असावी. मुलगा आतून ओरडला, "आई, माझा निळा शर्ट कुठं आहे?" मी म्हटले, "दोरीवर बघ, नाहीतर इस्त्रीच्या गठ्ठ्यात, खालून तिसरा." तो गेला, शर्ट घेऊन आला, आणि दारात थांबून बघत राहिला. माझा अंगठा सहा, चार, पाच, चार असा चाललाच होता, आणि त्या सगळ्या बोलण्यात चालीच्या ओळीतला एक स्वरही सुटला नव्हता. पुढच्या धड्याला मी सरांना पत्ता सांगितला, पिनकोडसकट, ओवी वाजवता वाजवता. त्यांनी मान हलवली आणि ओवीची दुसरी ओळ आता पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटपर्यंत, वरच्या प पर्यंत नेऊन बघायला सांगितली. तिथे डावा हात सरकताना चौथ्या ठोक्यावर अंगठा अजून बिचकतो. सध्या सकाळची वीस मिनिटे त्यावर चालली आहेत.